राग पत्ता चुकतो तेव्हा

मला आलेलं पत्र थोडक्यात असं आहे. नाव-गाव अर्थातच गाळलं आहे.

लिहिणारे भाऊ ४२ वर्षांचे, रावेर-यावल पट्ट्यातले केळीचे शेतकरी. साडेचार एकर बाग, घरी बायको, १३ वर्षांचा मुलगा, ८ वर्षांची मुलगी आणि म्हातारी आई. गावात ख्रिस्ती घरं मोजून चार. रविवारी शेजारच्या गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चला जातात, तिथे कारभार पाहणाऱ्या पंचमंडळातही आहेत. यंदा नवती (पहिल्या पिकाची) बाग कापली, तेव्हा व्यापाऱ्याने जाहीर भावापेक्षा क्विंटलमागे तीनशे रुपये कमी लावले, काट्यात घट धरली, आणि उरलेले १ लाख ८० हजार रुपये दोन महिने झाले 'उद्या-परवा' करत ठेवले आहेत. भाऊ त्याच्याकडे सहा वेळा गेले. सहाही वेळा चहा पिऊन, हात जोडून परत आले. "आपण ख्रिस्ती माणसं. भांडलो तर गाव काय म्हणेल? मी त्याला प्रभूच्या नावाने क्षमा केली आहे," असं ते लिहितात.

घरी मात्र वेगळं चालतं. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून मागच्या महिन्यात ताट भिंतीवर गेलं. मोटार बंद करायला विसरला म्हणून मुलाला मारलं, "एक नाही, चार-पाच थपडा." बायकोवर अजून हात उचललेला नाही, "पण उचलेन अशी मलाच भीती वाटते." रात्री पस्तावा होतो. 'तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये' हे बायबलचं वचन आठवून ते झोपलेल्या बायकोला उठवतात, क्षमा मागतात, आणि ती 'माफ केलं' म्हणेपर्यंत दोघंही जागी राहतात. मंडळीच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, उपवास-प्रार्थना सांगितली. 'पुन्हा रागावणार नाही' असं प्रभूला तीनदा वचन दिलं आणि तीनदा मोडलं. शेवटी विचारतात: "माझा विश्वास खोटा आहे का? राग आमच्या घराण्यातच आहे, वडीलही असेच होते. तो अनावर होतो. मी प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस) घ्यावं का? राग कायमचा जाण्यासाठी काय करू?"

भाऊ, सलाम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलाला मारल्याचं लिहिताना 'एखादी चापट दिली' असं लिहून तुम्ही मोकळे होऊ शकला असता. तुम्ही आकडा लिहिलात. ज्याला स्वतःचा आकडा लिहिता येतो त्याच्याशी सरळ बोलता येतं, म्हणून मीही सरळ बोलते. काही ठिकाणी लागेल.

आधी 'अनावर' या शब्दाबद्दल. तुमच्याच पत्रात एक माणूस आहे ज्याने तुम्हाला भावात मारलं, काट्यात मारलं आणि वर पैसे अडकवले. त्याच्यासमोर तुम्ही सहा वेळा बसलात. सहा वेळांत एकदाही आवाज चढला नाही, चहाचा कप फुटला नाही. तिथे राग तुमच्या ताब्यात होता. मोटार बंद करायला विसरलेल्या पोराचा अपराध त्यापुढे केवढासा? तरी हात तिथे उठला. म्हणजे राग आवरतो, भाऊ. कोणासमोर आवरायचा आणि कोणासमोर सोडायचा हे मन आधी ठरवतं, आणि ठरवताना समोरच्याचं बळ पाहतं. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल. मला मात्र आशा दिसते ती इथेच. राग खरोखर अनावर असता तर मी तुम्हाला काय सांगणार होते? जो सहा वेळा परक्याच्या ओट्यावर आवरला, तो घरातही आवरेल.

मला वाटतं, तुमचा राग पत्ता चुकतोय. पत्र एकाच्या नावाचं आहे आणि पडतंय दुसऱ्याच्या दारात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे वडील भुसावळला नोकरीला होते. कामावर वरच्या साहेबाने चारचौघांत अपमान केला की ते तिथे एक शब्द बोलत नसत. संध्याकाळी अंगणात सायकलचं स्टँड लागायचं, आणि त्या आवाजावरून आम्ही भावंडं ओळखायचो की आज कोपऱ्यात बसायचं की बाहेर यायचं. स्टँड हळू लागलं तर दिवस बरा. खाडकन लागलं की माझा धाकटा भाऊ मोरीत जाऊन उभा राहायचा. मंडळीत ते 'वडील' म्हणजे पुढारी होते, प्रार्थना अशी करायचे की बायकांच्या डोळ्यांना पाणी यायचं. पण आम्ही देवाविषयी जे शिकलो त्यातलं पुष्कळसं त्या स्टँडच्या आवाजातून शिकलो, आणि ते पुसायला मला फार वर्षं लागली. तुमचा मुलगा १३ वर्षांचा आहे. तुमच्या मोटारसायकलच्या आवाजावरून तो काय ओळखतो, हे त्याला विचारू नका. पुढचे काही दिवस फक्त बघा, तुम्ही आत आलात की तो कुठे जातो.

आता तुमचा मूळ समज. ख्रिस्ती माणसाने रागावूच नये, रागावला तर त्याचा विश्वास कच्चा. हा समज आपल्या मंडळ्यांत इतका मुरलेला आहे की साक्ष द्यायला उभं राहिलेलं माणूस 'मला राग येतो' म्हणायला धजत नाही. पण प्रेषित पौल इफिस शहरातल्या मंडळीला लिहितो, 'तुम्ही रागावा, परंतु पाप करू नका.' राग आणि पाप यांच्या मधोमध त्याने 'परंतु' ठेवला आहे. आपण तो 'परंतु' खोडून दोन्ही एकच करून टाकले.

आणि प्रभूचं पाहा. मार्काच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात शब्बाथाचा, म्हणजे विसाव्याचा दिवस आहे, सभास्थानात हात वाळलेला एक माणूस आहे, आणि येशू त्याला बरं करतो की काय यावर टपलेली मंडळी आहेत. येशू त्यांना विचारतो, आज चांगलं करणं योग्य की वाईट करणं? ते गप्प बसतात. तेव्हा त्याने सभोवती त्या सर्वांकडे रागाने पाहिलं, असं मार्क स्वच्छ लिहितो. त्यांच्या मनाच्या कठीणपणाचं त्याला दुःख झालं, हेही त्याच वाक्यात आहे. पुढे काय घडतं? तो त्या माणसाला म्हणतो, हात पुढे कर. आणि हात बरा होतो. मी हा उतारा कितीदा वाचला असेल, पण एक गोष्ट उशिरा लक्षात आली: रागाची नजर बळकटांवर गेली, आणि खोलीतल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या वाट्याला त्या रागातून बरा झालेला हात आला. तुमच्या घरात नेमकं उलटं होतंय. बळकटाच्या वाट्याला तुमचे जोडलेले हात, आणि दुबळ्याच्या गालावर थपडा.

कोणी म्हणेल, येशूने मंदिरात सराफांची मेजं उलथली, मग माझं ताट उलटलं तर काय बिघडलं? हे मी पुरुषांच्या तोंडून ऐकलं आहे, म्हणून सांगून ठेवते. मार्काच्या अकराव्या अध्यायात तो आदल्या संध्याकाळी मंदिरात जातो, सगळं नीट पाहतो, उशीर झाला म्हणून बेथानीला मुक्कामाला निघून जातो. मेजं उलथली ती दुसऱ्या दिवशी. योहान तर सांगतो की त्याने आधी दोऱ्यांचा कोरडा तयार केला. दोऱ्या वळायला वेळ लागतो. आणि ज्यांच्यावर तो रागावला ते गरिबांना लुबाडणारे होते, जेवण वाढणारे नव्हते.

आता व्यापाऱ्याला केलेल्या क्षमेकडे येते. भाऊ, तुम्ही त्याला क्षमा केली आहे असं मला वाटत नाही. तुम्ही त्याला घाबरता. पिलबागेची (त्याच झाडांच्या पिलांवर येणाऱ्या पुढच्या पिकाची) कापणीही त्याच्याच हाती जायची आहे, बाग पिकली की थांबून चालत नाही, आणि ज्याच्या समाजाची गावात चारच घरं आहेत त्याला भांडण परवडत नाही. या भीतीत लाज वाटावी असं काही नाही, ती खरी आहे. पण भीतीला क्षमा म्हणू नका, कारण तसं म्हटलं की भीतीवर उपाय करायचा राहून जातो. आणि क्षमा केली असती तर ती घरी पोचेपर्यंत टिकली असती.

क्षमा म्हणजे हिशेब न मागणं, हे तरी कुठे लिहिलंय? फिलिप्पै शहरात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला, सोडून द्या त्यांना. पौल गुपचूप गेला नाही. म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, आम्हाला उघडपणे मारलं आणि आता चोरून घालवता? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर काढावं. ते आले. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात हे आहे. आदल्या रात्री पायांत खोडा असताना तेच पौल-सीला देवाची गाणी गात होते, हेही त्याच अध्यायात आहे. गाणं आणि हिशेब मागणं, दोन्ही एका माणसात मावतं. याकोबाने तर आपल्या पत्रात धनवानांना ठणकावलंय की तुमच्या शेतात राबणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. (जाता जाता विचारते: व्यापाऱ्याने दिले नाहीत म्हणून तुमच्याकडच्या मजुरांचे पैसे राहिलेत का? राहिले असतील तर ते पहिले. तुमच्याही पुढे कोणीतरी हात जोडून उभं असेल.)

तर त्या रागाला त्याच्या पत्त्यावर पाठवा. शिव्या देऊन नाही, कागद घेऊन. काट्याच्या पावत्या, गाडीचा नंबर, कापणीची तारीख, त्या दिवशीचा जाहीर भाव, आजवर मिळालेली रक्कम, राहिलेली रक्कम, हे सगळं एका पानावर मांडा. ज्या दिवशी हे लिहाल त्या दिवशीच छातीवरचं ओझं थोडं हलेल, कारण डोक्यात फिरत राहणाऱ्या गोष्टीला कागदावर जागा मिळते. सातव्या वेळी एकटे जाऊ नका. प्रभूने मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगितलेली रीत मंडळीतल्या भावासाठी आहे, पण ती इथेही शहाणपणाची आहे: आधी एकट्याने बोला, ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घ्या, मग पुढे. एकट्याने तुम्ही सहा वेळा बोललात. आता ज्यांचे पैसे त्याच व्यापाऱ्याकडे अडकलेत असे दोघे शोधा, ते ख्रिस्ती असायलाच हवेत असं नाही. ते सापडतील, केळीच्या भागात हे दुखणं एकट्याचं कधीच नसतं. बसून सांगा: "इतके येणं आहे, पंधरा तारखेपर्यंत द्या, नाही तर बाजार समितीत लेखी तक्रार देतो." हे वाक्य घरी चार वेळा म्हणून पाहा, तोंडात बसेल. तारीख उलटली तर खरोखर तक्रार द्या आणि पोचपावती घ्या. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथे कायद्याचा सल्ला मिळतो. फोनवर विचारायचं असेल तर १५१००.

पैसे मिळतीलच असं मी सांगत नाही. न मिळण्याचीही तयारी ठेवा. पण जिथे बोलायला हवं तिथे बोलून आलेला माणूस संध्याकाळी घरात वेगळा शिरतो, एवढं मी पाहिलं आहे.

तोवर घराचं काय? तिथे आजच्या आज काही बदलायला हवं.

तीनदा मोडलेलं वचन चौथ्यांदा देऊ नका. 'पुन्हा रागावणार नाही' हे कोणालाच पाळता येत नाही, आणि मोडलं की माणूस म्हणतो, गेलंच ना, मग राहू दे. त्याऐवजी लहान आणि पुरतं पाळता येईल असं धरा: मी हात उचलणार नाही आणि वस्तू फेकणार नाही. एवढंच. राग आला तरी हे पाळता येतं, कारण राग आपोआप येतो, हात आपोआप उठत नाही.

राग चढताना अंग आधी सांगतं. कोणाचे कान तापतात, कोणाचा जबडा आवळतो, कोणाच्या बोटांत थरथर येते. तुमचं काय होतं ते ओळखून ठेवा. ते जाणवलं की वहिनींना दोनच शब्द सांगा, "मी बांधावर जातो," आणि निघा. हे शब्द आधी, शांत वेळी, दोघांनी ठरवून घ्या, नाही तर तुमचं उठून जाणं त्यांना रुसणं वाटेल. दार आपटायचं नाही, जाताना टोमणा मारायचा नाही, आणि किती वेळात येणार ते सांगून जायचं. पाच मिनिटं पुरत नाहीत. एकदा रक्त उसळलं की छातीची धडधड बसायला वीस-पंचवीस मिनिटं सहज लागतात. तोवर मनात त्या व्यापाऱ्याशी भांडत बसलात तर अर्ध्या तासानेही तसेच परत याल. पायाखाली बघा, ड्रिपच्या नळ्या तपासा, घड मोजा.

एक चुकीचा सल्ला सगळीकडे फिरतो, की राग वाफेसारखा आहे, आदळआपट करून मोकळा केला की बरं वाटतं. २००२ साली ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने हे तपासून पाहिलं. ज्याने चिडवलं त्याचा विचार करत ठोसे मारणाऱ्यांचा राग नुसतं शांत बसलेल्यांपेक्षा जास्त निघाला. तेव्हा उशी बडवणं, लाकूड फोडणं, गाडी भन्नाट पळवणं, यात काही नाही.

व्यापाऱ्याकडून थेट घरी येऊ नका. वाटेत थांबा, हातपाय धुवा, पाणी प्या. आणि झोपेचं बघा. शेतीची लाईट रात्रीची असली की तुम्ही रात्री दोनला मोटारीवर, सकाळी सहाला बागेत, दुपारी मे महिन्याचं आपलं ऊन, आणि त्यावर पाळकांनी सांगितलेला उपवास. पाळकांचं मन चांगलं आहे, पण आधीच उपाशी आणि जागरणाने चिडलेल्या माणसाला उपवास सांगताना मी तरी विचार करीन. एलीया संदेष्टा मरण मागत झाडाखाली पडला, तेव्हा देवाने त्याला आधी उपदेश केला नाही. दूताने त्याला उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, तो पुन्हा झोपला, पुन्हा खायला दिलं. बोलणं चाळीस दिवसांनी, डोंगरावर झालं. रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात दुपारी तासभर आडवे व्हा, आणि घरातून निघताना कळण्याची अर्धी भाकर का होईना, खाऊन निघा. हा मी अध्यात्माचाच भाग मानते.

आता त्या सूर्याच्या वचनाबद्दल. हे लिहिताना मला थोडा रागच आला होता, तो खाली ठेवून लिहिते. 'सूर्य मावळू नये' ही आज्ञा रागावलेल्याला आहे. ज्याच्यावर राग निघाला त्याला नाही. दिवसभर राबून झोपलेल्या बाईला रात्री उठवून 'माफ केलं म्हण' असं धरून बसणं म्हणजे तुमचा पस्तावाही तिलाच वाहायला लावणं. ती 'माफ केलं' म्हणते ती झोपायला मिळावं म्हणून. पौलाने 'रागावा, परंतु पाप करू नका' हे शब्द चौथ्या स्तोत्रातून घेतले आहेत, आणि तिथे पुढचा भाग आहे तो अंथरुणावर पडल्यापडल्या आपल्याच मनाशी विचार करून स्तब्ध राहण्याचा. त्या रात्री तुम्हाला करायचं ते हेच होतं, स्वतःच्या अंथरुणावर, गप्प राहून. क्षमा दुसऱ्या दिवशी मागा, उजेडात, एकदाच. त्यांनी लगेच दिली नाही तर ती त्यांची मुदत आहे.

मुलाशीही बोलायचं आहे. पौल बापांना सांगतो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका. हे वचन आपल्याकडे मुलांच्या आज्ञाधारकपणाच्या वचनापेक्षा कमी वेळा वाचलं जातं. त्याच्याजवळ बसा आणि सांगा, "मी तुला मारलं. तू मोटार विसरलास म्हणून नाही, मी दुसऱ्या माणसावर चिडलो होतो म्हणून. ती माझी चूक होती. पुन्हा हात उचलणार नाही." त्यापुढे 'पण तूही...' लावू नका. मिठी मागू नका, 'मग आता हस ना' म्हणू नका. तो गप्प उठून जाईल. जाऊ द्या. त्याचा विश्वास तुमच्या एका वाक्याने परतणार नाही, काही महिने हात खाली राहिला तर परतेल.

घराण्यातून राग आला म्हणता. तापट स्वभाव असू शकतो घराण्यात, मीही तशाच घरातली आहे. पण तापटपणा वेगळा आणि हात वेगळा. हात कसा चालवायचा हे आपण घरात बघून शिकतो, आणि तुमच्या घरात आत्ता दोघं बघतायत, एक १३ वर्षांचा, एक ८ वर्षांची. आदामाच्या मुलाला, काइनाला, देवाने विचारलं होतं, तू का रागावलास? पाप दाराशी टपून आहे, पण तू त्याच्यावर ताबा ठेव. घराण्याची सबब त्याला सांगता आली असती, पहिलंच घराणं होतं. देवाने त्याच्याशी बोलताना तो ताबा ठेवू शकेल असं धरूनच बोलणं केलं.

प्रार्थनेबद्दल थोडंसं. 'प्रभू, माझा राग काढून टाक' ही प्रार्थना तुम्ही पुष्कळ केलीत. आता राग काय म्हणतो ते त्याला ऐकवा. तेरावं स्तोत्र काढा. पहिल्या दोन वचनांत चार वेळा 'कोठवर' आहे. त्या 'कोठवर'च्या पुढे व्यापाऱ्याचं नाव घाला, रक्कम घाला, मोठ्याने म्हणा, शेतात कोणी ऐकत नाही. देवाला हे ऐकून धक्का बसत नाही. योना संदेष्ट्याने देवाला तोंडावर सांगितलं होतं, मला रागावणं ठीकच आहे, मरेपर्यंत ठीक आहे. देवाने तरी बोलणं तोडलं नाही.

प्रभुभोजन घ्यावं का? माझं मत सांगते, पाळकांशी बोलून ठरवा. करिंथकरांच्या पत्रात 'स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावे' असं आहे, परीक्षा करून घरी बसावं असं नाही. राग आला म्हणून मेजापासून दूर राहायचं तर मेजाजवळ कोणीच उरणार नाही. पण मुलाला मारून, त्याच्याशी न बोलता तुम्ही रविवारी पुढे जात असाल, तर प्रभूने अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलं आहे, आणि तुमचा तो भाऊ आत्ता तुमच्याच घरात झोपतो. आधी तो. पंचमंडळातून मात्र सहा महिने रजा घ्या. अध्यक्ष, म्हणजे मंडळीचा पुढारी, 'मारका' नसावा असं तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट आहे, आणि तुमचं पद अध्यक्षाचं नसलं तरी मुलगा तुम्हाला पुढच्या बाकावर बघतो. पाळकांना खरं कारण सांगा. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या पुरुषाला, जो तुमचं कौतुक करणार नाही अशाला, दर शनिवारी फोन करून एवढंच सांगायचं: या आठवड्यात हात उचलला की नाही.

हे सगळं करूनही हात उठला, किंवा दारू असेल आणि पत्रात लिहायची राहिली असेल, किंवा झोप उडून जिवाचं काही करावं असं वाटत असेल, तर एकट्याने झुंजू नका. १४४१६ हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. मनाच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास सोडणं, असं कोणी म्हणालं तर म्हणू द्या.

आणि अशाच घरात राहणाऱ्या ज्या बहिणी हे वाचत असतील त्यांच्यासाठी: ताट फेकलं जातं, मुलं मार खातात, आणि 'प्रार्थना कर, सहन कर, तुझ्या सोसण्याने तो जिंकला जाईल' असं तुम्हाला सांगितलं जातं. प्रार्थना करा. पण मुलांना घेऊन चार दिवस माहेरी जाणं हे विश्वासघात नाही. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, जिवावर बेतलं तर ११२. घरातल्या मारहाणीविरुद्ध २००५ चा कायदा आहे, आणि मारणारा पंचमंडळात आहे म्हणून तो लागू होत नाही असं कुठेही नाही.

भाऊ, तुम्ही विचारलंत विश्वास खोटा आहे का. ज्याला स्वतःच्या हाताची भीती वाटते आणि जो ती लिहून कळवतो, त्याचा विश्वास मी खोटा म्हणणार नाही. पण ते ठरवायला मी योग्य माणूस नाही. तुमच्या घरच्यांना ते माझ्या आधी कळेल.

एक विनंती आहे. हे उत्तर वहिनींना वाचायला द्या, आणि त्या वाचत असताना समोर बसू नका. त्यांना मला काही लिहायचं असेल तर त्यांनी वेगळं लिहावं, तुम्हाला न दाखवता. त्यांच्या पत्राची मी वाट बघते.